रगताच्या शिनिमाचं शेवटचं रीळ

चिटगुप्प्याच्या बाजारात जगदेवप्पाचं विड्याच्या पानांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक चौथरा, वर गोणपाट आणि ओल्या फडक्यांखाली झाकलेल्या पानांच्या करंड्या. गिऱ्हाइकाला पान घेतलं की मत फुकट मिळे. पाऊस, पंचायत, नव्या सरकारचे नवे तहसीलदार, पुढच्या दिवाळीत आपण कानडी मुलखात असणार की मराठी, या सगळ्यांवर जगदेवप्पाचं मत ठरलेलं असे. पण बाजारात त्याचं नाव होतं ते एका शिनिमामुळे, आणि तो शिनिमा त्याला अजिबात आवडला नव्हता.

पोलीस ॲक्शन होऊन दुसरं वर्ष सरत होतं तेव्हाची गोष्ट. जत्रेत सोलापूरकडचा एक तंबू आला. बैलगाडीवर कर्णा लावून एक माणूस गावभर सांगत हिंडला की मुंबईचा नवा कोरा शिनिमा आहे, यात मेलेला जहागीरदार पेटीतून उठतो आणि माणसांचं रगत पितो, कच्च्या काळजाच्यांनी येऊ नये. त्यामुळे सगळा गाव आला. शिनिमाचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गावात त्याला रगताचा शिनिमा म्हणत.

तंबूच्या मधोमध पडदा होता. या अंगाला पुरुष, त्या अंगाला बाया. खेळाआधी पडद्यावर पाण्याचे हबके मारून तो भिजवत, म्हणजे चित्र आरपार उमटे आणि बायांनाही दिसे. ही सोय सगळ्यांना पसंत होती. पुरुषांना बाया दिसत नव्हत्या, बायांना पुरुष दिसत नव्हते, आणि जहागीरदार दोघांनाही दिसत होता.

जहागीरदारानं मात्र घोर निराशा केली. तो चांगला खात्यापित्या घरचा, गुबगुबीत निघाला. रगत प्यायच्या आधी तो बागेत उभा राहून गाणं म्हणे. त्याचे सुळे दुधी भोपळ्याच्या फोडीसारखे दिसत, आणि ऐन मानेला तोंड लावायच्या वेळी त्यातला एक निसटला तो त्यानं जिभेनं आत ढकलला. हे साऱ्या तंबूनं पाहिलं. पुरुषांच्या बाजूनं पडद्यावर ढेकळं गेली.

जगदेवप्पाचा आक्षेप याहून मूळचा होता. बाहेर येऊन त्यानं तो ग्यानबाच्या चहाच्या हाटेलापुढं मांडला. "मुळातच चूक हाय," तो म्हणाला. "त्या जहागीरदाराला पेटीत आडवा निजवलाय. निजलेला माणूस कवा ना कवा उठणारच की. आमच्या लिंगायतांत मेलेल्याला खड्ड्यात मांडी घालून बसवतेत, हातात लिंग देतेत, वरनं इभूत टाकतेत. बसवलेला माणूस कशाला उठतोय?"

ग्यानबा मराठा. त्यानं कपबशी विसळत विचार केला. "आमच्यात तर जाळतेत," तो म्हणाला. "तवा आमच्याकडं हा पिच्चर लागूच पडत न्हाई."

अशा रीतीनं दोन्ही धर्मरीतींच्या कसोटीवर शिनिमा नापास झाला. तोवर एकेक करत सगळेच पुरुष तंबूतून उठून चहाला आले होते. पलीकडच्या बायांना मात्र उठता येत नव्हतं. घरच्या पुरुषानं न्यायला आल्याशिवाय बाईनं तंबू सोडायचा नाही अशी रीत होती, आणि घरचे पुरुष चहा पीत होते. त्यामुळे शेवटचं रीळ फक्त बायांनी पाहिलं. खेळ सुटला तेव्हा त्या मुकाट्यानं बाहेर आल्या. एरवी तंबू सुटला की त्यांचा कलकलाट वेशीपर्यंत ऐकू जाई.

"भ्याल्या," ग्यानबा म्हणाला आणि सगळे हसले.

त्या बायांत यल्लम्मा होती आणि तिची सून चन्नव्वा होती. यल्लम्माचा एकुलता एक मुलगा सिद्धलिंगप्पा पानमळ्यात कामाला असे. जगदेवप्पाच्या दुकानी पानांच्या करंड्या तोच आणून टाकायचा. डावरा माणूस. गिऱ्हाइकाच्या हातात डाव्या हातानं पान द्यायचा आणि जगदेवप्पा त्याला रोज बोलायचा, "आरं, डाव्या हातानं इडा देत्यात व्हय? लोकं काय म्हणतील?" सिद्धलिंगप्पा कान खांद्याला घासत हसायचा आणि पुढचं पान पुन्हा डाव्याच हातानं द्यायचा. रझाकारीच्या उन्हाळ्यात, गावंच्या गावं सरहद्दीपलीकडं जात होती तेव्हा, तोही सोलापूरच्या वाटेला लागला. मी पुढं जाऊन जागा बघतो, मग तुम्हाला नेतो, असं सांगून गेला. त्यानंतर त्याचा सांगावा नाही, पत्ता नाही. वाटेत मारला गेला असं दोघातिघांनी सांगितलं. मेलेला पाहिला असं कुणीच सांगितलं नाही. चन्नव्वा ना सवाशीण ना विधवा अशी मधल्यामध्ये दोन वर्षं लोंबकळत राहिली.

जत्रा झाली आणि यल्लम्मा आपण होऊन मठात स्वामींकडं गेली. माझा लेक गेला, माझ्या सुनेची उडकी लावून द्या, म्हणाली. उडकी म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. लिंगायतांत ते चालतं, पण सासूनंच उठून ते मागावं हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. लोकांनी म्हातारीच्या मोठ्या मनाची तारीफ केली. जगदेवप्पाची पहिली बायको तापानं गेलेली होती. दोन्ही बाजूंनी जमलं.

पुढची वर्षं बरी गेली. चन्नव्वा रागावली की कानडीत बोले आणि समजूत काढायची असली की मराठीत. पहिल्या सालात जगदेवप्पानं भरपूर कानडी ऐकली, मग मराठी वाढत गेली. मुलगी झाली, तिचं नाव गुरुबाई ठेवलं. यल्लम्मा दोन गल्ल्या टाकून राही. चन्नव्वा तिला रोज भाकरी नेऊन देई आणि गुरुबाई तिला सख्खी आजी समजे. आणि दुकानावर नवं गिऱ्हाईक बसलं की जगदेवप्पा रगताचा शिनिमा सांगे. दुधी भोपळ्याचे सुळे, गाणं, आडवा पुरलेला जहागीरदार. या कथेवर त्यानं सहा वर्षं काढली. शेवट आपण पाहिलेला नाही ही गोष्ट त्याला कधी आडवी आली नाही, कारण विचारलं कुणीच नव्हतं.

सहाव्या वर्षी जत्रेत तोच शिनिमा परत आला. जगदेवप्पाला सासुरवाडीचं माणूस आल्यासारखा आनंद झाला. पहिल्याच दिवशी, दिवेलागणीच्या खेळाला जायचं त्यानं ठरवलं.

"बगितलेलं परत कामून बगायचं?" चन्नव्वा म्हणाली.

"हसायला. तो दात पडतो का न्हाई ते बगू. चल तू बी."

ती चुलीतली राख ओढत बसली. मग तिनं विचारलं, "बाया कुठं बसणार?"

"औंदा नवा तंबू हाय. पडदा जाडजूड, रंग दिलेला. मागनं काय दिसत न्हाई. बाया बी म्होरंच, मधी कापड लावलंय."

"म्होरनं," ती म्हणाली आणि जरा वेळानं, "बरं, येते."

गुरुबाईला यल्लम्माकडं सोडून दोघं गेली. तंबू अर्धाअधिक रिकामा होता. जगदेवप्पा मुद्दाम मधल्या कापडालगत बसला, म्हणजे हसताना बायकोला ऐकू गेलं असतं. गाणं झालं, तो हसला. दात निसटला, तो मांडीवर थाप मारून हसला. पण पूर्वीची मजा नव्हती. आजूबाजूचे लोक एकेक करत उठून चहाला गेले. उरला तो एकटाच, कारण त्याला बायको सोडून जाता येत नव्हतं आणि बायको काही उठत नव्हती. त्यामुळे जगदेवप्पानं आयुष्यात पहिल्यांदा रगताच्या शिनिमाचं शेवटचं रीळ पाहिलं.

त्यात गावकरी मशाली घेऊन जहागीरदाराच्या वाड्यावर चालून येतात. पंधरा-वीस माणसांचा घोळका, मुंडाशी बांधलेली, उघड्या अंगाची. घोळका अगदी जवळ येतो. पुढचा एक जण डाव्या हातानं मशाल उंच धरतो, डोळ्यांत धूर जातो म्हणून तोंड फिरवतो आणि कान खांद्याला घासतो.

जगदेवप्पाच्या तोंडात पान होतं. ते तसंच राहिलं. आधी त्याला वाटलं, आपल्या ध्यानात काहीतरी गोंधळ झाला, आपण दुकानावर आहोत आणि करंडी आली आहे. मग तो माणूस पुन्हा आला, तेच मुंडासं, तोच कान. मुंबईकरांनी तीच माणसं फिरवून फिरवून आणली होती. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा जगदेवप्पानं शंका घेणं सोडलं. जहागीरदाराला जाळलं कसं, शिनिमातली पोरगी वाचली का मेली, हे त्याला पुढं कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. ज्या शिनिमातलं भूत भीती घालू शकत नाही असा ठपका त्यानं ठेवला होता, त्याच शिनिमात मेलेला माणूस तीनदा त्याच्यासमोर येऊन गेला होता. त्यातही हा माणूस त्याच्या बायकोचा नवरा होता.

घराकडं चालताना मारुतीच्या पारापाशी तो थांबला.

"चन्नव्वा. ते मशालवालं..."

"व्हय."

"व्हय म्हंजे?"

"सिद्धलिंगप्पाच. मागल्या खेपंलाच बगितलं की. समद्यांनी."

"समद्यांनी म्हंजे कुणी?"

"बायांनी."

जगदेवप्पा पाराच्या दगडावर बसला. त्याच्या डोळ्यांपुढून सहा वर्षांतल्या बाया जाऊ लागल्या. रोज पान न्यायला येणाऱ्या, गुरुबाईच्या बारशाला आलेल्या, ग्यानबाची बायको, स्वामींची बहीण. त्यानं शिनिमाची कथा सांगताना उभं राहून ऐकणाऱ्या आणि पदराआड हसणाऱ्या.

"मग बोलला कामून न्हाईत?"

"अत्या बोलल्या की. तवाच, पडद्यामागं. समद्या बाया त्यांच्याकडंच बगायल्या हुत्या. अत्या म्हणाल्या, माझा लेक डावरा, ह्यानं मशाल उजव्या हातात धरलीय, ह्यो माझा न्हवं. मग कुणी काय बोलायचं?"

जगदेवप्पाला आता सगळं कळलं आणि त्याला बायकोची कीव आली. त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरले आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागला. "अगं, तुमी मागनं बगत हुता. मागनं बगितलं की उजव्याचं डावं हुतं आन् डाव्याचं उजवं. म्हातारीची चूक झाली. आज म्होरनं बगितलंस न्हवं? डावाच हात हाय. त्योच हाय."

तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"त्या शिनिमातल्या बाईची चमकी उजव्या नाकात हुती," ती म्हणाली. "समद्यांचे पदर उलट्या खांद्यावर. चमकी कुटं असती ते आमाला ठावं न्हाई व्हय? खेळ सुरू झाला तवाच अत्यांनी दाखवलं, बगा गं, उलट्या गावच्या बाया म्हणून. लई हसलो."

"म्हंजे म्हातारीला..."

"आपलं लेकरू हाय हे कळाया हात लागतोय व्हय?"

ती त्याच्या शेजारी बसली नाही, उभीच राहिली आणि शांतपणे मराठीत बोलत राहिली, त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली.

"दोन वर्सं तो मेला म्हणून मी रडले. आन् तो तिकडं मशाल धरून हिंडायलाय. ममईस्नं इकडं गाडी येती, टपाल येतंय. यायचं असतं तर आला असता. घरी आल्यावर अत्या म्हणाल्या, माझ्या तोंडानं त्याला जिता म्हणले तर तू जन्मभर ह्या उंबऱ्यात बसशील. म्हणून त्याला मी मारलाय. आता तू मागं बगू नगंस, म्हणाल्या. दुसऱ्या रोजी गेल्या मठात."

"आन् तू?"

"मी काय. आले की तुमच्या घरी." ती म्हणाली, "आता तुमाला बी ठावं झालं. काय करताव ते करा."

करायचं काय, हे जगदेवप्पाला कळेना. पहिला नवरा जिवंत असताना लावलेली उडकी उडकी नव्हे, एवढं त्याला ठाऊक होतं. पंच बसले असते. चन्नव्वाला म्हातारीच्या घरी परत पाठवा म्हणाले असते, आणि गुरुबाईला काय म्हणाले असते ते त्याला मनातसुद्धा उच्चारवेना. जत्रा अजून चार दिवस होती. पुरुषांनी शेवटचं रीळ पाहिलं नाही तोवर त्याचा संसार होता.

दुसऱ्या दिवशी तो तंबूच्या मालकाकडं गेला. शेवटचं रीळ फार रटाळ आहे, ते नाही लावलं तर बरं, असं त्यानं सुचवलं. मालक त्याच्याकडं बघतच राहिला. इतक्या गावांत शेवटच्या रिळाबद्दल बोलणारा तू पहिला पुरुष भेटलास, म्हणाला, आणि आग्रहानं चहा पाजला. रीळ काही काढलं नाही.

मग जगदेवप्पानं गप्प राहायचं ठरवलं, आणि तिथं त्यानं खरी चूक केली. ज्या माणसाचं तहसीलदारापासून पावसापर्यंत मत असे तो शिनिमाबद्दल विचारलं की पानं चाळायला लागे.

"शेवटपतूर बसला हुतास म्हणं?" ग्यानबानं विचारलं.

"व्हय."

"काय हुतं मग शेवटी?"

"काय न्हाई."

"काय न्हाई तर तोंड असं कामून करायलास?"

बाजारात बोलवा झाली की रगताच्या शिनिमाच्या शेवटी असं काही आहे की ते पाहून जगदेवप्पाची वाचा बसली. कर्ण्यावाल्याला सहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका माणसाच्या गप्प बसण्यानं झालं. लोक जत्रेच्या शेवटच्या खेळाला जायचं ठरवू लागले.

शेवटच्या दिवशी सकाळी यल्लम्मा काठी टेकत दुकानावर आली. करंडीच्या कडेला बसली.

"जगदेवा, मला शिनिमा दाव."

"बगितलाव की अव्वा तुमी."

"मागनं बगितलाय." तिनं एक पान उचललं, पुसलं आणि परत ठेवलं. "एकदा म्होरनं बगू दे."

नको म्हणायला त्याला कारण सापडेना. जी कारणं होती ती सगळी तिला ठाऊक होती.

शेवटच्या खेळाला तंबू फाटायचा राहिला. पंचांपैकी दोघे बाजेवर लवंडले होते. ग्यानबानं हाटेल बंद ठेवलं होतं. जगदेवप्पा मधल्या कापडालगत बसला. पलीकडं यल्लम्मा आणि चन्नव्वा बसल्याचं त्याला बांगड्यांवरून आणि काठीवरून कळत होतं. गाण्याला कुणी ओरडलं नाही. दात निसटला तेव्हा दोघंचौघंच हसले. चहाला कुणीही उठलं नाही. जगदेवप्पानं आयुष्यात कुठल्याही शिनिमाला एवढी शांतता पाहिली नव्हती.

मशाली आल्या. घोळका जवळ आला. डावा हात वर झाला, तोंड फिरलं, कान खांद्याला घासला गेला.

"आरं," ग्यानबाचा आवाज अंधारातून आला, "ह्यो तर यल्लम्मा अक्काचा सिद्धलिंगप्पा."

पुरुषांच्या बाजूला कुजबुज उठली. "व्हय की." "डावा हात बग." "जिता हाय की मग." एका बाजेची करकर झाली, पंच उठून बसले होते. जगदेवप्पाला वाटलं, आपल्या अंगावरचं कातडं कुणी ओढतंय.

बायांच्या बाजूला काठी वाजली. यल्लम्मा उभी राहिली. यंत्राच्या उजेडात ती आली आणि तिची वाकडी सावली पडद्यावर जहागीरदाराच्या वाड्यावर पडली.

"कोण बोललं ते?" ती म्हणाली. "ह्यो माझा लेक न्हवं. ह्यो डावरा हाय. माझा उजवा हुता."

तंबूत यंत्राची घरघर तेवढी राहिली. सिद्धलिंगप्पाच्या डाव्या हातून पान घेतलं नाही असा माणूस त्या तंबूत शोधून सापडला नसता. बायांच्या बाजूला एकीनंही हालचाल केली नाही. बाजेवरच्या पंचानं घसा साफ केला आणि जगदेवप्पाचं नाव घेतलं.

"जगदेवप्पा, तुझ्या दुकानी येत हुता तो रोज. तू सांग. डावरा हुता का उजवा?"

जगदेवप्पा उठला.

"उजवा," तो म्हणाला.

मग अंधारातून ग्यानबा म्हणाला, "व्हय व्हय. उजवाच हुता. धुरामुळं मला वळखाया चुकलं." त्याच्या मागून आणखी एकानं उजवा म्हटलं, मग आणखी दोघांनी. पंच परत बाजेवर टेकले. "म्हातारीला खाली बसू द्या रे," त्यातला एक म्हणाला, "पिच्चर दिसंना."

यल्लम्मा बसली. जगदेवप्पाही बसला. पडद्यावर तोच घोळका फिरून आला आणि मशालवाला पुन्हा पुढं आला. सगळा तंबू डोळे लावून बघत होता आणि कुणीही त्याला ओळखलं नाही.

कापडापलीकडून जगदेवप्पाला म्हातारीचं बोलणं ऐकू आलं, अगदी हळू.

"किती वाळलाय गं."

"गप बसा अत्या," चन्नव्वा म्हणाली. "बगा. परत येतंय."